सत्तावीस गाणी, एक गळा

६ जाने., सोमवार

डॉक्टरीणबाईंनी कापडात जीभ धरून बाहेर ओढली, आरसा आत घातला आणि 'ई' म्हणायला लावलं. निघालं ते भलतंच काही. मग कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन स्वरतंतू, दोन्हींवर गाठी, अगदी समोरासमोर. दोन महिने गप्प बसायचं. गाणं तर नाहीच, बोलणंही नाही. त्यानंतर बघू.

मी म्हटलं, १९ पासून रेकॉर्डिंग आहे. माझी पहिली कॅसेट.

"कितने गाने?"

सत्तावीस.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आठ कहतीं तो मैं आँख बंद कर लेती। सत्ताईस में गला नहीं बचेगा।"

कायमचा जाईल का? जाईलच असं नाही म्हणाल्या, जाणार नाही असंही नाही. हे तर आमच्या ऑफिसच्या शेऱ्यासारखं झालं.

आईने दारातच विचारलं, "काय म्हणे डाक्टर?" मी म्हटलं, सर्दी आहे. खोटं बोलायला मात्र आवाज अगदी स्वच्छ निघाला.

७ जाने.

ऑफिस सुटल्यावर सदर बाजार. मनोज भैयाचं (यापुढे म.) कॅसेटचं दुकान खाली, स्टुडिओ माडीवर. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मधे काच, भिंतींना रजया ठोकलेल्या. रस्त्यावरच्या स्कूटरींचे हॉर्न रजईतूनही आत येतात म्हणून फक्त रविवार, बाजार बंद असतो तेव्हा.

त्याला विचारलं, खरं सांग, सत्तावीस जास्त आहेत का?

"दीदी, नया राज्य बना तब से सब आठ गाने का एलबम बना रहे हैं। चार नाच के, दो शादी के, दो भजन। और आपका तो मराठी है। बेंजो, ढोलक और आप। एक घंटे के बाद आदमी उठ के चाय पीने चला जाएगा।" मग थोडा ओशाळला. "वैसे टेप की कोई कमी नहीं। दो कैसेट में आ जाएगा। आप बोलो।"

म्हणजे अडवणारं कोणीच नाही. नाही म्हणायचं ते मलाच.

९ जाने., गुरु.

आज गाण्यांची वही काढली. नऊ वर्षांची. पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलंय: अ. क्र., तारीख, कोणासाठी. कारकुनाने गाण्यांची वही घातली की ती अशीच दिसणार.

एकही गाणं मी बसून सुचलं म्हणून केलेलं नाही. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणी रिटायर झालं, कोणाची बदली झाली, पोरीचं लग्न निघालं, बाळ झालं की लोक येऊन म्हणतात, ताई, आमचं एक गाणं होऊ दे. मी त्यांच्या घरी जाऊन बसते, ऐकते, आठ दिवसांनी गाणं. शेवटच्या कडव्यात त्या घराचं नाव. मग अंगणात सतरंजी टाकून एकदा म्हणायचं. त्यानंतर ते गाणं त्या घराचं. लोक म्हणतात, 'आमचं गाणं'. माझं कोणीच म्हणत नाही, आणि इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आठ निवडायची म्हणजे एकोणीस घरांना सांगायचं की तुमचं नको. मी त्या गल्लीतूनच रोज ऑफिसला जाते.

१२ जाने., रवि.

मोठी चूक केली. आधी लिहून टाकते म्हणजे झोंबणं कमी होईल.

विहारात वंदना झाल्यावर वही मधोमध ठेवली आणि म्हटलं, गळ्याचा थोडा त्रास आहे, आठच गाणी घेता येतील, तुम्हीच खुणा करा. मला वाटलं, लोकशाही. माझ्या डोक्यावरचं ओझं जाईल.

सत्तावीस घरांनी सत्तावीस गाण्यांवर खुणा केल्या. प्रत्येकाने स्वतःच्या. एका गाण्याला दोन मतं पडली, कारण त्या घरचे नवराबायको वेगवेगळे आले होते.

दुपारपर्यंत पाऱ्यात झालं, ताई गाणी काढून टाकून राहिली. संध्याकाळी तिघी दारात. कोणी भांडलं नाही. "आमचं नका ठेवू ताई, आमी काय मोठे लोक हाओत." हे ऐकण्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. आई आतून ओरडली, "काहून इचारलं तू त्याईले? पंगतीत कोनाले इचारत असते का, कोन उठते म्हनून?"

त्यांत गल्लीच्या टोकाची निर्मलाबाई नव्हती. तिचं अ. क्र. २२. तिने माझ्याकडून पान काढून घेतलं, खूण केली आणि निघून गेली.

१३ जाने.

राज्य वेगळं झालं तरी ऑफिसात अजून भोपाळहून फायलींचे गठ्ठे येताहेत. लाल कापडात बांधलेले. मी उघडायचे, नोंदवायचे, नंबर द्यायचा. साहेबांनी तीनदा काही विचारलं, मी तिन्ही वेळा चिठ्ठीवर उत्तर लिहून दिलं. "मौनव्रत है क्या मैडम?" हो म्हणून मान हलवली.

दिवसभर बोलायचं नाही आणि डोक्यात सत्तावीस गाणी. हे फार वाईट आहे. आतून ओरडावंसं वाटतं आणि ओरडायचीही बंदी.

१५ जाने., बुध.

देवाजीकाका आले, बेंजो घेऊन. बाबांच्या बरोबर रेल्वेत होते, बाबा गेल्यापासून माझ्या प्रत्येक गाण्याला त्यांचाच बेंजो. त्यांना गळ्याचं खरं सांगितलं. लिहूनच सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"पोरी, मंग थांब."

मी लिहिलं: आणि कॅसेट?

खूप वेळ बेंजोची बटणं पुसत बसले. मग म्हणाले, "करशीन तर सत्तावीसच कर. आठ कराची असन तर नको करू. मानूस आठ गोष्टी बोलून मरते का? आपली गानी एकेकटी लहान हायेत. सगळी मिळून पारा हाये."

माझ्या थोरल्या बहिणीची पोरगी पिंकी कॉलेजातून सरळ इकडेच आली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. तिला गळा बिघडण्याआधी घरीच भरलेली सरावाची टेप दिली होती, पूर्ण सत्तावीस. विचारलं तर इकडे तिकडे बघायला लागली.

"मौसी, बुरा मत मानना। छह तक तो मैं रो दी। उसके बाद सब एक जैसा लगने लगा।"

काका चिडले. मी चिडले नाही, कारण ती बरोबर आहे. माझ्या चाली चारच आहेत. चार चालींवर सत्तावीस गाणी. अंगणात वर्षाला तीन गाणी होतात तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. मधे पावसाळा जातो, एखादं लग्न जातं, माणूस चाल विसरतो. टेपवर मागून पुढून तीच ती येणार. जी गाणी महिने महिने अंतराने ऐकायची, ती मी सलग ऐकवायला निघाले आहे. आणि त्यासाठी गळा घालवणार आहे.

पण काकाही बरोबर आहेत. हेच तर दुखतं. आठ म्हणजे मी कशी गाते ते कळेल. सत्तावीस म्हणजे आम्ही कसे राहतो ते.

१६ जाने.

काही सुचत नाही. सकाळी नळावर उभी असताना उगाच रडले. आई म्हणाली, "सर्दीनं कोनी रडत असते का, पोट्टे?"

तिला कुजबुजून सगळं सांगून टाकलं. आईने भरलेली कळशी उचलून कमरेवर घेतली. मग म्हणाली, "तुह्या बापाले कानानं आयकू येत नव्हतं शेवटी. पन तुह्यं गानं चालू झालं का तो पाय हालवे." यातून मी काय घ्यायचं? कर म्हणाली की करू नको? आणि माझी विचारायची सोय नाही.

१९ जाने., रवि.

गेले. ठरवलं असं काही नाही, सकाळी उठून साडी नेसले आणि रिक्षात बसले.

सात झाली. अ. क्र. १ ते ७. पहिली तीन छान. चौथ्याला खालचा 'सा' जाड झाला. सातव्याला वरच्या जागा मी खालीच घेतल्या, काकांनी बेंजो तसा वळवला. म. काचेपलीकडून: "इको डाल दूँ थोड़ा? छुप जाएगा।" घाल म्हटलं. कुजबुजूनच.

बाहेर आल्यावर कोमट पाणी, ज्येष्ठमध, मग पुन्हा पाणी. आत कोणीतरी खरखरीत कागद घासतंय असं वाटतं. पण सात झाली! आज पहिल्यांदा स्वतःचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकला. मला माझा आवाज आवडला. ४१ वर्षांची झाले, हे आज कळलं, आणि कळलं ते कधी!

२०, २१, २२ जाने.

आवाज: सकाळी घोगरा, दुपारी नाही. तिन्ही दिवस हेच.

२३ जाने., गुरु.

डॉ. कडे. आरसा बाहेर काढल्यावर त्यांनी विचारलंच नाही. त्यांना कळलं. "आपने गाया।" मी मान खाली. त्या रागावल्या असत्या तर मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्या नुसत्या हात धुवायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, आत्ता थांबलात तर अजूनही वाचेल.

आत्ता म्हणजे आत्ता. बाहेर बाकावर अर्धा तास बसून राहिले. वीस गाणी राहिलीत.

२६ जाने., रवि.

म. च्या खिडकीखाली चौकात भोंगा. सकाळपासून देशभक्तीची गाणी. दर दोन गाण्यांच्या मधे भोंगा बंद करून कोणी तोंडीच भाषण करायला लागला की आम्ही तेवढ्यात एक गाणं उरकायचं. मधेच टाळ्या वाजल्या तर पुन्हा पहिल्यापासून. माझा गळा गेला तो या पुन्हा पहिल्यापासूनमध्ये.

८, ९, १०, ११, १२. तेरावं चार वेळा. चौथ्या वेळी वरच्या ओळीला आवाज निघालाच नाही. तोंड उघडं, श्वास पूर्ण, आणि नुसती हवा. काका वाजवत राहिले, त्यांना वाटलं मी जागा सोडली. ढोलकवाला थांबला तेव्हा त्यांना कळलं. मी तिथेच खाली बसले. म. ने तिसऱ्या वेळचं चांगलं होतं म्हणून तेच ठेवलं.

तेरा.

परत येताना रिक्षात पिंकी होती. वही तिच्या मांडीवर. ती पानं उलटत म्हणाली, "मौसी, आपने एक से क्यों शुरू किया?"

मला प्रश्नच कळला नाही. एकपासून नाही तर कुठून?

"अच्छे वाले तो सब बाद में हैं।"

२७ जाने.

रजा टाकली. अंगावर पांघरूण घेऊन पडून आहे.

पोरीने एका वाक्यात मला उभी चिरली. वीस वर्षं आवक रजिस्टर लिहिते आहे. जे आधी आलं ते आधी. गठ्ठा सोडला की नंबर एक वरती. त्याच हाताने गाण्यांची वही धरली आणि तशीच गात सुटले, क्रमाने. पहिली तेरा म्हणजे मला नीट बांधताही येत नव्हतं तेव्हाची. यमकासाठी ओढून आणलेले शब्द. क्र. ४ तर मलाच ऐकवत नाही. होता नव्हता तो गळा मी त्यांच्यावर घालवला. १९, २२, २३, २५, ज्यांच्यासाठी ही कॅसेट काढावीशी वाटली होती, ती राहिली.

दुसऱ्या कोणी, कोणत्याही गाणाऱ्याने, असं केलं असतं का? ढोलकवालासुद्धा म्हणाला नाही, की बाई, चांगलं आधी घ्या. त्यांना वाटलं असेल, हिने काही विचार केला असेल.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं असं वाटतं. हे खरंच वाटतं, म्हणून लिहिते.

३० जाने., गुरु.

डॉ. ऑपरेशन. ५ फेब्रु., बुधवार. नंतर कसा आवाज राहील ते त्या सांगत नाहीत. बोलता येईल, एवढं नक्की म्हणाल्या. बोलायचं काय करू मी?

उठताना धीर करून चिठ्ठी पुढे सरकवली: या रविवारी? त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती खणात टाकली.

"एक। एक गाना। और मैंने कुछ नहीं कहा।"

एक तर एक. क्र. २२. त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. पिंकीचा हिशोबही तयार: जुन्यातली पाच बरी, एक २२, सहा गाण्यांची कॅसेट, "बस, लोग और माँगेंगे।" जीव हलका झाला. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

म्हणजे शेवटी पिंकीच जिंकली. लांब कॅसेट माझ्यासारखीला झेपत नाही, गळ्यालाही नाही आणि चालींनाही नाही. असं लिहिलं तर खरं वाटतं. पाऱ्यातून जाताना खरं वाटत नाही.

३१ जाने.

काकांना हे पटलं नाही. "मंग बाकीचे?" म्हणाले. मी हात जोडले. ते उठून गेले, बेंजो इथेच विसरून.

तासाभराने परत आले ते निर्मलाबाईला घेऊन. त्यांचं म्हणणं, ज्याचं गाणं त्याने म्हणावं. राहिलेल्या चौदा घरांतून कोणी ना कोणी म्हणेल. तू फक्त २२ म्हण. पूर्ण सत्तावीस होतात, दोन कॅसेट. आणि चाली चारच असल्या तरी गळे चौदा होतील, पिंकीला झोप येणार नाही.

मला हे आधी का सुचलं नाही? आणि सुचलं नाही ते बरं झालं असंही वाटलं. हे माझ्या नावाने निघणार होतं.

निर्मलाबाई अंग चोरून बसली होती. तिचा नवरा उरल्याला रोलिंग मिलमध्ये, भट्टीवर, दिवसपाळी-रात्रपाळी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा हात भाजून बरा झाला तेव्हाचं २२. काकांनी आवाज कसा लागतो पाहायला तिला तेच म्हणायला लावलं, दुसरं तिला येत नव्हतं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी केलं होतं ते असं:

धूळ उरल्याची अंगावर आली
पाळी सुटली बाई, पाळी सुटली
मी वारा घालते, तो भाकर खाते
चूल माही हासते

निर्मलाबाईने म्हटलं:

तो बसल्या जागी झोपून जाते
भाकर तशीच राह्यते
मी ताट झाकते, बाई, ताट झाकते

मी हाताने थांबवलं. चिठ्ठीवर लिहिलं: हे कोणी केलं? तिला वाचता येत नाही, काकांनी वाचून दाखवलं. ती घाबरली.

"मीनंच, ताई. रागवू नका. तो खात नाई ना कदीच. पाळीवरून येते अन् झोपते. तुमचं लई छान हाये, पन घरी म्हनतानी मले लाज वाटे, खोटं बोलून राह्यली म्हनून. तर मंग मी तसं म्हनाले लागली."

किती दिवसांपासून?

"पयल्यापासूनच."

पहिल्यापासून. दोन वर्षं ते घर माझं गाणं बदलून म्हणतंय आणि मला कोणी सांगितलं नाही. तिचा आवाज बारीक आहे, सूर जागेवर राहत नाही. पण 'ताट झाकते'ला माझ्या अंगावर काटा आला. माझ्या २२ ला माझ्याच अंगावर कधी आला नव्हता.

काका माझ्याकडे बघत होते. मी आत निघून गेले.

१ फेब्रु., शनि.

हेवा वाटतो. निर्मलाबाईचा! जिने आयुष्यात माईक पाहिला नाही, तिचा. लिहितानाही लाज वाटते पण दुसऱ्या कुठे लिहू?

माझ्याजवळ एक गाणं उरलंय. सगळ्यांत चांगलं ते मी म्हणायचं ठरलं होतं. आता ते मी म्हटलं तर माझे शब्द म्हणू की तिचे? माझे म्हटले तर मला माहीत आहे ते खोटे आहेत. तिचे म्हटले तर तिच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं. आणि तिला म्हणायला दिलं तर मी काय म्हणू, १४? १४ हे एका बदलीचं गाणं, त्यात काही राम नाही. की गप्प बसून गळा बुधवारसाठी ठेवू?

त्या दोन कॅसेटींवर माझ्या नावाखाली माझी सगळी कच्ची गाणी माझ्या आवाजात, आणि चांगली सगळी दुसऱ्यांच्या. हे मला सोसेल का? आणि ऑपरेशननंतर आवाज आलाच नाही तर हीच एक वस्तू मागे राहणार. प्रमिला म्हणून जी कोणी होती ती अशी गायची, क्र. ४ सारखी.

आईला विचारलं. लिहून नाही, कुजबुजून. आई म्हणाली, "मले दोन्ही आयकाचे हायेत." आईला काय, तिला ऐकायचं आहे. मला एकच म्हणता येतं.

२ फेब्रु., रवि., स्टुडिओबाहेर बसून

काका आत सूर लावताहेत. आम्ही बाहेर बाकावर. पाऱ्यातले अकरा जण आलेत, जिन्यावर बसलेत. तिघांना सकाळी धीर झाला नाही, ते आले नाहीत. म. आधी वैतागला, मग खालून सतरंजी आणून दिली.

पहिलं २२ घ्यायचं. क्रमाने नाही. एवढं तरी शिकले.

निर्मलाबाई शेजारी आहे. लग्नात नेसतात ती हिरवी साडी. तिचा नवरा आलाय, रात्रपाळी करून थेट, भिंतीला टेकून झोपला आहे. आपल्या बायकोचं गाणं आहे की माझं, त्याला काही घेणं नाही. मी अजून कोणालाच काही सांगितलेलं नाही. कोणी विचारलंही नाही. सगळ्यांना वाटतं, ताईने ठरवलं असेल.

आता घसा तसा बरा आहे. आईशी कुजबुजले तेवढं सोडलं तर दोन दिवस अगदी गप्प होते. एक गाणं नीट निघेल, मला कळतं.

दार उघडलं. म. माईकच्या दांड्याचा स्क्रू सैल करून उभा आहे. निर्मलाबाई उंचीने माझ्या खांद्यापर्यंतच येते.

"दीदी, माइक कितना ऊँचा रखूँ?"

निर्मलाबाई माझ्याकडे पाहून राहिली आहे. तो पुन्हा विचारतो आहे.